अ श्रेणीची शाळा

मी तिसरीत होते तेव्हा मला वाचता येत नव्हतं, आणि आमच्या शाळेला अ श्रेणी होती. ती श्रेणी शाळेच्या दर्शनी भिंतीवर तेलरंगाने रंगवलेली होती, ताटाएवढ्या गोलात, भोवती भगवी कड काढून. मला ते अक्षर ओळखू यायचं नाही, पण तिथं काय लिहिलंय हे पक्कं ठाऊक होतं. गावात पाहुणा आला की कुणीतरी त्याला हाताला धरून तो गोल दाखवायचंच. आज मी लिहून पोट भरते. तरी तो गोल आठवला की अजून डोकं तापतं. इतक्या वर्षांनी राग निवायला हवा, असं मला शहाणी माणसं सांगतात. मला तो निववायचा नाही.

आमचं गाव वेल्ह्याकडच्या डोंगराला टेकलेलं. गावात भातशेती, वर दांडावर धनगरवाडा. नसरापूरहून येणारी एसटी शाळेच्या खालच्या वळणावर थांबायची आणि त्याच एसटीने गुरुजी यायचे. त्यामुळे शाळेची वेळ म्हणजे एसटीची वेळ. गाडी उशिरा आली की शाळा उशिरा भरायची आणि दुपारची परतीची गाडी डोंगराच्या वळणावर दिसली की शाळा सुटायची. कागदावर शिक्षक दोन होते. दुसरे कायम कुठल्यातरी सरकारी कामावर असायचे. मी त्यांना एकदाच बघितलं, पंधरा ऑगस्टला. पहिली ते चौथी आम्ही सगळे एका खोलीत बसायचो. दुसऱ्या खोलीत रंगीत तक्ते, लेझीम, पताका आणि गुरुजींची पेटी कुलपात असायची.

गुरुजी वाईट नव्हते, असं गावात आजही म्हणतात. दारू नाही, तंबाखू नाही, पोरांवर कधी हात नाही. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, गोड आवाज. शाळेभोवती झेंडूची रांग, वाटेच्या दोन्ही बाजूंच्या दगडांना चुना आणि गेरूचे पट्टे. बघणाऱ्याने म्हणावं, काय शाळा आहे! ती झाडं आम्ही जगवली. उन्हाळ्यात ओढ्याच्या डबक्यातून कळश्या भरून आणायचो, शाळेच्या वेळात, गणिताच्या तासाला. दगडही आम्हीच रंगवले. माझ्या हाताला पाटीपेक्षा कळशीची जास्त सवय होती.

शिकणं म्हणजे म्हणणं. सरपंचांचा नातू चौथीत होता. तो पुस्तक हातात धरून उभा राहायचा आणि धड्याचं एकेक वाक्य म्हणायचा. मागून सगळी खोली तेच वाक्य ओरडायची. गुरुजी खुर्चीत बसून हाताने ठेका धरायचे. आठवडाभरात धडा तोंडपाठ व्हायचा, मग पुढचा. शेजारची पोरगी पान उलटायची तेव्हा मीही उलटायची. मला प्रामाणिकपणे वाटायचं की वाचणं म्हणतात ते हेच: पुस्तक समोर धरायचं आणि तोंडाला येईल ते म्हणायचं. अक्षरांचा आणि तोंडातून निघणाऱ्या शब्दांचा एकमेकांशी काही संबंध असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तीन वर्षं मी त्या खोलीत बसले आणि कुणी सांगितलं नाही.

हे उघडं पडलं ते मावशीच्या लग्नात.

आई किकवीची. हमरस्त्याच्या कडेचं गाव, त्यामुळे तिला सातवीपर्यंत शिकता आलं होतं. पुढे शिकवलं नाही याचं दुःख ती बोलून दाखवायची नाही, पण माझं दप्तर रोज स्वतः झटकून ठेवायची. लग्नाच्या आदल्या दिवशी माजघरात बायका जमल्या होत्या. मामाची मुलगी दुसरीत होती, माझ्यापेक्षा एक यत्ता मागे. कुणीतरी गंमत म्हणून तिच्या हातात लग्नपत्रिका दिली. तिने ती अडखळत, एकेका अक्षरावर थांबत वाचली. बायकांनी तिचं कौतुक केलं. तशी आई म्हणाली, "आमची बी वाचंल की. तिसरीला हाय ती. आन तिच्या शाळंला अ श्रेनी हाय."

पत्रिका माझ्या हातात आली. मी नुकतीच ती ऐकली होती. एकदा ऐकलेलं माझ्या डोक्यात बसायचं. तीन वर्षं मला शाळेने तेवढंच शिकवलं होतं. मी खणखणीत आवाजात म्हणायला सुरुवात केली. मुहूर्त, ठिकाण, निमंत्रकांची नावं, कुठेही न अडखळता. बायका खूश. मामी म्हणाली, "बघा, कशी घडाघडा वाचती. न्हाईतर आमची, गाडी ढकलल्यावानी."

आई मात्र हसत नव्हती. ती माझ्या बोटाकडे बघत होती. तोंडाने मी मुहूर्त सांगत होते आणि माझं बोट पत्रिकेच्या पार खाली, छापखान्याच्या नावावरून फिरत होतं.

तिने तिथं काही केलं नाही. मला मागच्या अंगणात घेऊन गेली, मातीत काटकीने एक अक्षर काढलं आणि विचारलं, "ह्ये काय हाय?"

मी खूप वेळ बघितलं. मग विचारलं, "ह्याचं चित्र कुठंय?"

तो क होता. कमळाचं चित्र शेजारी असतं तर मी क म्हणाले असते. आईने मातीवर हात फिरवून ते पुसलं. तिला रडू आलं असेल असं मला वाटलं होतं, पण तिने वर बघितलं तेव्हा तिचे डोळे कोरडे होते आणि ओठ घट्ट मिटलेले. हळद लागली, लग्न लागलं, आम्ही परत आलो. सगळ्या वाटेत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, ती माझ्यावर रागावली आहे.

गावात आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती पदर खोचून शाळेत आली. गुरुजींनी उठून खुर्ची पुढे केली. "या वहिनी. काय काम काढलं?"

"गुरुजी, पोरीला वाचता येत न्हाई."

"कोण म्हणतं? अहो, तिचं पाठांतर पहिल्या पाचात आहे."

"पाठांतर न्हाई म्हनत म्या. वाचता येत न्हाई. अक्षर वळखत न्हाई ती."

गुरुजी हसले. त्या हसण्यात राग नव्हता, समजूत होती, लहान मुलाची घालतात तशी. "वहिनी, शाळेला अ श्रेणी आहे. मी माझ्या तोंडाने नाही म्हणत. साहेबांनी येऊन, तपासून दिलीय. उगीच देतील का?" मग त्यांनी सरपंचांच्या नातवाला उभं केलं. त्याने पुस्तक उघडलं आणि पाणी वाहावं तसा धडा म्हटला.

"त्यो पुस्तकाकडं बघत बी न्हाई," आई म्हणाली.

गुरुजींचा चेहरा पहिल्यांदा बदलला. "तुम्हाला एवढी काळजी असेल तर घरी अभ्यास घेत चला. आईचंही काही कर्तव्य असतं."

"म्या घेईन. पर मग तुमी कशाला येता एसटीनं हितवर?"

संध्याकाळी ही गोष्ट घरी आमच्या आधी पोचली होती. वडील टेम्पो चालवायचे. धनगरवाड्यावरचं आणि गावातलं दूध रोज सकाळी नसरापूरला पोचवायचे. ते म्हणाले, "गुरुजींशी कशाला तंडतीस? उद्या पोरीचा दाखला त्येंच्याच हातनं न्यायचाय."

"दाखला न्यायचाय न्हवं, मग त्यावर काय लिवलंय त्ये तिला कळाया नगं?" आई म्हणाली. वडील जेवून उठले. ते भित्रे नव्हते. पण शाळा ही सरकारची आणि गुरुजींची, आपण तिथं पोर घालायचं आणि हात जोडायचे, यापलीकडे त्यांच्या मनात कधी विचार गेला नव्हता. गावात कुणाच्याच गेला नव्हता.

भाताची झोडणी उरकली, पेंढ्याच्या गंज्या उभ्या राहिल्या आणि तपासणी जवळ आली. तपासणी आमच्याकडे सणासारखी यायची. धडे बंद झाले. भिंतींना चुना, दारांना तेलपाणी, स्वागतगीताची तालीम. कुणाला काय विचारलं जाईल आणि कुणी काय सांगायचं हे गुरुजींनी वाटून दिलं. मोठेपणी तू डॉक्टर, तू शिक्षक, तू सैनिक. हुशार पोरं पुढच्या दोन ओळींत. आणि एक युक्ती. साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा; येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. म्हणजे साहेबांना हातांचं रान दिसेल आणि गुरुजींना कळेल कुणाला उठवायचं.

मी डावखुरी. तालमीत गुरुजी साहेब झाले आणि त्यांनी तेराचा पाढा विचारला. मला तो येत नव्हता, आणि तरी मी उजवा हात वर केला. डावा वर करायचा हे लक्षात होतं, पण नेमका डावा कुठला ते मला नेहमीच उलटं वाटायचं. गुरुजींनी मला उठवलं. मी गप्प उभी राहिले. त्यांनी सुस्कारा टाकला, रागावले नाहीत, आणि सुटताना मला आणि धनगरवाड्यावरच्या पोरांना बाजूला घेऊन गोड आवाजात म्हणाले, "तुम्हाला उद्या सुट्टी. घरी खेळा. परवा या."

आम्ही नाचत सुटलो. मी उड्या मारत घरी आले आणि आईला सांगितलं, "मला उद्या सुट्टी!"

"शाळंला?"

"न्हाई, मला."

आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "आनि कुनाकुनाला?"

मी सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली तरी ती उठली नाही. वडील म्हणाले, "एक दिवसाचा तर प्रश्न हाय. ऱ्हाऊ दे घरी."

"एक दिवसाचा? तीन वरसं ती घरीच हाय. फकस्त बसायला तिकडं जाती."

सकाळी दूध घेऊन धनगरवाड्यावरची माणसं टेम्पोपाशी उतरली. त्यांची पोरंही किटल्या धरून बरोबर होती. आई तिथंच जाऊन उभी राहिली. "पोरं शाळंत पाठवा," ती म्हणाली. एक म्हातारे बाबा होते, त्यांनी मुंडासं सारखं केलं. "गुरुजींनीच सांगितलंय, आज नगं म्हनून."

"आन म्या सांगते, आजच पायजे. तुमची पोरं काय चुन्याचा डाग हायत व्हय, साहेब यायच्या आधी पुसून काढायला?"

बाबा वडिलांकडे बघू लागले. वडील टेम्पोच्या चाकाकडे. शेवटी एका बाईने आपल्या मुलीच्या हातातली किटली काढून घेतली आणि तिला आईकडे ढकललं. "घिऊन जा. बसून बसून शिकंल काईतरी." तिच्यामागून बाकीची आली.

आम्ही पोचलो तेव्हा जीप आली होती. सरपंच, चार पुढारी, नारळ, हार, सगळं झालं होतं आणि स्वागतगीत संपत आलं होतं. साहेब खुर्चीत बसले होते, शेजारी एक मॅडम. त्याही अधिकारी होत्या, पण हार साहेबांना मोठा होता. दारात आईला आणि मागे अनवाणी पोरांच्या घोळक्याला बघून गुरुजींची पेटी मध्येच थांबली.

"वहिनी, नंतर या. तपासणी चालू आहे."

"तपासनीलाच आनलीत. हजेरीत नावं हायत न्हवं ह्येंची?"

साहेबांनी हसून विचारलं, "काय तक्रार आहे का ताई?"

"तक्रार न्हाई साहेब. तुमी शाळा बघायला आला. म्हनलं, सगळी बघा."

सरपंच उठले. आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, पण जागची हलली नाही. "मामा, तुमी बसा," ती त्यांना म्हणाली, "तुमचा नातू बी हाय की हितं."

साहेब चहाचा कप खाली ठेवायला तयार नव्हते. ज्या उठल्या त्या मॅडम. त्यांनी आम्हाला आत घेतलं, खडू उचलला आणि फळ्यावर एक वाक्य लिहिलं. नंतर कळलं ते असं होतं: पुलावर पाणी आलं. तीन शब्द. त्यांनी आधी धनगरवाड्यावरच्या मुलीला विचारलं. ती पदराएवढ्या फाटक्या ओढणीत तोंड लपवून उभी राहिली. मग मला. मी आईकडे बघितलं. सगळं गाव तिथं होतं, आणि माझी आई मला सगळ्या गावासमोर उघडी पाडत होती. त्या क्षणी मला तिचा जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात कुणाचाच आला नव्हता. जमीन फाटावी आणि तिनेच आत जावं, असं वाटलं.

"बस बाळ," मॅडम म्हणाल्या. मग त्या पुढच्या ओळीकडे वळल्या. "तू वाच."

सरपंचांचा नातू उठला. तो फळ्याकडे बघत राहिला. "पु..." म्हणाला. पुन्हा "पु..." आणि गुरुजींकडे वळला. गुरुजींचे ओठ हलत होते.

"गुरुजी, तुम्ही जरा बाहेर थांबा," मॅडम म्हणाल्या.

गुरुजी बाहेर गेले. तो मुलगा एकटा उभा होता. घामाने त्याच्या कपाळाचं गंध ओघळत होतं. आणि मग त्याला जे येत होतं, गुरुजींनी ऐकवून ऐकवून पाठ करून घेतलेलं, ते त्याने केलं. मान वर केली आणि त्या गोड, खणखणीत आवाजात चौथीच्या पुस्तकातला पहिला धडा म्हणायला लागला. पहिलं वाक्य त्याने म्हटलं आणि सवयीने आम्ही सगळ्यांनी मागून ते ओरडलो. मीही. ज्यांना सुट्टी दिली होती तीही. त्याने दुसरं म्हटलं, आम्ही दुसरं म्हटलं. फळ्यावर पुलावर पाणी आलं होतं आणि सगळी शाळा एका सुरात भलतंच काहीतरी म्हणत होती, थांबतच नव्हती. मॅडम खडू हातात धरून बघत राहिल्या. गावातली माणसं खिडकीशी दाटली.

आई एवढंच म्हणाली, "बघा."

साहेबांनी टाळी वाजवली. देवाशपथ सांगते, त्यांनी टाळी वाजवली. "छान! पाठांतर उत्तम आहे. उच्चारही स्वच्छ आहेत." मग घड्याळ बघितलं.

सरपंचांकडे गावठी कोंबडी शिजली होती. तपासणी तिथं जेवायला गेली. मॅडम जेवल्या नाहीत म्हणे. जीपमध्ये बसून राहिल्या. मला पुढे कधीतरी त्यांना विचारायचं होतं की तुम्ही उपाशी राहिलात, त्याचा आम्हाला काय उपयोग झाला? तुम्ही काही लिहिलंत का? ओरडलात का कुणावर? त्या मला परत कधी भेटल्या नाहीत.

काही आठवड्यांनी निकाल आला. ब श्रेणी. म्हणजे गुरुजींच्या शाळेत कुणालाही वाचता येत नाही, हे डोळ्यांनी बघून झाल्यावर सरकारने आमची एक पायरी उतरवली. झेंडू, चुना, पाठांतर, स्वच्छ उच्चार, हे सगळं जमेला होतंच ना. माझा राग त्या एका पायरीवर सगळ्यात जास्त आहे. नापास केलं असतं तर निदान कुणीतरी घाबरलं असतं.

गावाला मात्र तेवढंही सहन झालं नाही. गोल पुसला गेला आणि त्याचं पाप आईच्या माथी आलं. विहिरीवर बायका तिच्याशी बोलेनात. सरपंच आमच्या ओट्यावर येऊन वडिलांना म्हणाले, "सुनबाईनं गावाची अब्रू घालवली. आजूबाजूच्या गावात तोंड दाखवायला जागा न्हाई."

आई दाराआडून बोलली. "अब्रू भिंतीवर व्हती मामा. पोरांच्या डोक्यात कवा व्हती?"

"तुझ्या पोरीला येत न्हाई म्हनून सगळ्यांची पोरं अडानी ठरवतीस व्हय?"

"म्या न्हाई ठरवलं. तुमच्या म्होरंच झालं की समदं."

वडील मध्ये पडतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "मामा, ती खोटं बोलत न्हाई." एवढंच. पण ते म्हणाले.

त्यानंतर एका दुपारी, माणसं रानात गेल्यावर, सरपंचांची सून आमच्या मागल्या दाराने आली. हातात वाटी, विरजण मागायचं निमित्त. खाली बसली आणि बराच वेळ वाटी फिरवत राहिली. मग म्हणाली, "माझ्या पोराला बी येत न्हाई, व्हय वं?"

"न्हाई येत."

"त्यो तर पयला येतो."

"कुनात पयला, त्ये बघ की."

ती पदराला डोळे पुसून उठली. दुसऱ्या दिवशी तिने पोराला पाटी देऊन आमच्या अंगणात पाठवलं. आई आम्हाला दोघांना समोरासमोर बसवायची आणि एकेक अक्षर चित्राशिवाय गिरवून घ्यायची. तिला शिकवता येत नव्हतं. ती चिडायची, पाठीत रट्टे घालायची, मग स्वतःच कपाळाला हात लावायची. धनगरवाड्यावरची पोरं एवढ्यात म्हशींमागे खाली पाण्याच्या कडेला निघून गेली होती.

गुरुजींनी बदली मागून घेतली, हमरस्त्यालगतच्या शाळेत, घराजवळ. गावाने त्यांना शाल-श्रीफळ दिलं. काही बायका रडल्या.

त्यांच्या जागी जूनमध्ये, मी चौथीत गेले तेव्हा, भोर शहरातल्या एक तरुण बाई आल्या. मुसलमान घरातल्या, नव्यानेच नोकरीला लागलेल्या. रोज भोरहून येणं शक्य नव्हतं म्हणून त्यांनी गावात खोली शोधली. चार घरांनी चार कारणं सांगितली, तेव्हा आईने आमची पडवीतली खोली झाडून दिली. बाईंना पेटी येत नव्हती. प्रार्थना त्या इतक्या बेसूर म्हणायच्या की पोरं हसायची. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला एकेकाला टेबलाजवळ बोलावून वाचायला लावलं. पुस्तक नाही, त्यांनी कागदावर लिहून आणलेलं काहीतरी. संध्याकाळी त्या पडवीत येऊन बसल्या आणि आईला म्हणाल्या, "चौथीची मुलं आहेत ही. मी पहिलीपासून सुरू करते. मला कुणी काही बोललं तर तुम्ही सांगाल ना?"

"सांगंन की," आई म्हणाली. "मला आता बोलायची लाज ऱ्हायली न्हाई."

कुलपातली खोली उघडली. तक्ते जमिनीवर आले, हाताळून हाताळून फाटले. झेंडूला पाणी घालायला कुणाला वेळ नव्हता, ते सुकले. भिंतीवर हात पोचेल तिथवर कोळशाने आणि खडूने अक्षरं. बाई रागीट होत्या. एकदा त्यांनी मला पट्टी मारली, तो वळ दोन दिवस दिसत होता. पण त्यांनी मला डाव्या हाताने लिहू दिलं. दिवाळी झाली, आणि एके सकाळी वडिलांच्या टेम्पोच्या मागे जे काही रंगवलं होतं ते माझ्याकडे बघून आपोआप बोलायला लागलं. मी वाचायचं ठरवलं नव्हतं. मला ते थांबवताच येईना. मी टेम्पोभोवती फिरून दिसेल ते वाचत सुटले आणि वडील दुधाच्या किटल्या ठेवायचं विसरून उभे राहिले.

त्या वर्षी तपासणीत शाळेची श्रेणी आणखी खाली गेली. परिसर अस्वच्छ, भिंती मळलेल्या, स्वागतगीत नाही, बाग नाही. साहेब तेच होते. या वेळी मॅडम नव्हत्या. आम्हाला कुणी वाचायला लावलं नाही. मी पुस्तक उघडून बसले होते, हात वर करून, डावा. साहेबांनी छताकडे बघितलं, कोपऱ्यातल्या जळमटांकडे बघितलं आणि बाईंना झापलं. गावातल्या चारदोन जणांनी, बाईंना बदला, असा अर्जही दिला. आई आणि सरपंचांची सून, दोघी वेल्ह्याला जाऊन आल्या, तालुक्याच्या कचेरीच्या व्हरांड्यात दिवसभर बसल्या, साहेब भेटले नाहीत. बाई राहिल्या, कारण त्यांच्या जागी एवढ्या आत यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. त्या गेल्या त्या पुढे लग्न झाल्यावर. तोवर मी नसरापूरच्या हायस्कूलला जात होते.

बऱ्याच वर्षांनंतरची गोष्ट. हायवे रुंद झाला होता, लोकांच्या हातात मोबाईल आले होते. माझं काहीबाही छापून यायला लागलं होतं आणि मी सुट्टीला घरी आले होते. नसरापूरच्या बाजारात आई कांदे निवडत होती, मी पिशवी धरून उभी. मागून गोड आवाज आला. "वहिनी! ओळखलंत का?"

गुरुजी होते. केस पांढरे, कपडे तसेच कडक. बरोबर त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ. ते गृहस्थ कौतुकाने सांगू लागले की गुरुजींना आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मिळालाय, निवृत्तीच्या आधी, मोठा कार्यक्रम झाला. गुरुजी नम्रपणे हसले आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ही काय करते आता?"

"लिवती," आई म्हणाली. "पेपरात येतं तिचं."

गुरुजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी झटकून टाकायला हवा होता. मी नुसती ताठ झाले. ते शेजारच्या गृहस्थांना म्हणाले, "बघा. आमची विद्यार्थिनी."

आईने हातातला कांदा खाली ठेवला. आवाज चढवला नाही. त्या गृहस्थांकडे वळून, नीट समजावून सांगावं तशी ती म्हणाली, "न्हाई. ह्येंच्याकडं ती नुसती बसायची. वाचायला तिला भोरच्या एका बाईंनी शिकवलं."

गुरुजींचा हात माझ्या डोक्यावरून निघाला. ते काहीतरी म्हणाले, गर्दीत ऐकू आलं नाही. ते गेल्यावर आई पुन्हा कांद्यांकडे वळली आणि दुकानदाराला म्हणाली, सडका एक बी घालू नगं, म्या बघती हाय.